गावच्या युद्धफलकाखाली ‘बसरा’ लिहावं का?

चावडीकर: आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी फलक आहे. इंग्रजीत. या गावातून १९१४-१९च्या महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके मेले. आकडे दोन, नाव एकही नाही, कुठे गेले तेही नाही. पोरांना विचारलं तर ‘फ्रान्स’ म्हणतात. अहो, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इंग्रजांच्या पूना डिव्हिजनमधून इराकात, तैग्रिस नदीकाठी गेल्या होत्या! डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस तिथल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. शिधा आटला तेव्हा घोडे कापले, आणि आपली बरीच माणसं ते मांस तोंडाला लावेनात. पणजी म्हणायची, “बसऱ्याला गेले ते गेलेच.” मला कित्येक वर्षं बसरा म्हणजे नथीतले मोती एवढंच ठाऊक, ते इराकातलं बंदर हे नंतर कळलं. आता चावडी रंगवायला काढलीय, तर फलकाखाली मराठीत एक ओळ घालावी असं माझं म्हणणं आहे.

रोखठोक: कशाला? फलक सरकारने लावला तो स्वतःच्या कौतुकासाठी. लढाई इराणातल्या अबादानच्या तेलाची आणि साहेबाच्या नकाशाची. महिना अकरा रुपयांवर नेलेली माणसं ती. उद्या कुणीतरी त्याखाली ‘अटकेपार’ही लिहील.

माणदेशी: अकरा रुपये तुम्हाला आज कमी वाटतात. आमच्याकडे दोन वर्षं पाऊस नसला की घरातला एक जण पलटणीत, हा हिशोब होता. पोटासाठी गेला म्हणून मेला कुठे तेही सांगायचं नाही? बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावं, आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. तिथे आकडा, चावडीवरही आकडा.

भीमथडी: ओळ घाला, पण ‘मराठा पलटणी’ लिहून मोकळे होऊ नका. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ला मोडून टाकली. पुन्हा दार उघडलं ते १९४१ला, बेळगावात. तुमच्या त्या आकड्यात महारवाड्यातला कुणी असेल तर तो बसऱ्यालाच होता हे कशावरून?

माणगावचा: आमच्याकडे तहसील कचेरीपाशी मराठा पलटणीतले यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. दुसरं महायुद्ध, १० जुलै १९४४, इटली, तैबरचं खोरं. तुकडीतले बाकी सगळे मेले नाहीतर जायबंदी झाले, तरी हे एकटे मशीनगनवर चालून गेले, चौकी घेतली आणि तिथेच गोळी लागून पडले. २०२३ला मोन्तोने गावात त्यांचं स्मारक झालं, त्यावर सावलीचं घड्याळ आहे. पगार कोण देत होतं हे तिथे कुणी विचारलं नाही.

रोखठोक: कारण तिथे त्या लोकांची जर्मनांपासून सुटका झाली. कूतमधला माणूस बांधेल का असं स्मारक? आपले शिपाई त्याच्या दारात इंग्रजाची बंदूक घेऊन उभे होते. लिहायचंच असेल तर हेही लिहा.

चावडीकर: नाही बांधणार, कबूल. पण ते सगळं एका ओळीत मावत नाही हो, खाली जागा वीतभर आहे.

भीमथडी, तुमचं मात्र लागलं. ‘सगळे बसऱ्याला’ हे मी पणजीच्या शब्दावर धरून चाललो होतो. खालच्या आळीतल्या दोन घरी जुनी पेन्शनची कागदपत्रं आहेत म्हणतात. ती बघून येतो. तोवर मजकूर असा धरलाय: ‘यांतले काही इराकात, तैग्रिस नदीकाठी होते.’ पलटणीचं नाव नाही, शौर्य-बिर्य काही नाही. रंगारी मंगळवारी येतोय.

रोखठोक: ‘इंग्रजांच्या फौजेत’ हे दोन शब्द घाला, मग माझी हरकत नाही.

चावडीकर: घालतो. अक्षरं बारीक करावी लागतील.