मदत हवी आहे: पिल्लू फक्त पेपरवर शू करतं आणि सासरे जमिनीवर पेपर पसरून वाचतात

नमस्कार मंडळी. विषय शू-शीचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर नंतर या.

जूनच्या शेवटी पार्किंगमध्ये स्कूटरखाली कुत्र्याचं एक काळं पिल्लू कुडकुडत बसलेलं लेकाला दिसलं. आई कुठे दिसेना. दोन दिवस वाट बघून तो त्याला वर घेऊन आला, 'फक्त पाऊस थांबेपर्यंत' म्हणाला. पाऊस काही थांबला नाही आणि पिल्लाचं नाव आता मिरी आहे. गावठी, मादी, डॉक्टरांच्या अंदाजाने अडीच महिन्यांची.

आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दोन माणसं उभी राहिली की भरणारी गॅलरी. मी आणि नवरा सकाळी लोकल पकडतो ते संध्याकाळी साडेसातला उगवतो. दिवसभर घरी सासू-सासरे, लेक दुपारी शाळेतून येतो.

पहिल्या दिवसापासून पेपर पसरले. तीन-चार दिवसांत ती पेपरवर जायला लागली, आम्ही खूश. मग एका सकाळी बाबा नेहमीसारखे जमिनीवर पेपर पसरून, चष्मा लावून वाचायला बसले आणि मिरीने येऊन अग्रलेखावर शू केली. तेव्हापासून तेच चाललंय. पेपर नसेल तर पायपुसणं, तेही उचललं तर देवघरासमोरची सतरंजी. सासूबाईंचा संयम या सतरंजीपाशी संपतो.

बाहेर न्यावं तर डॉक्टर म्हणतात, लसीचे सगळे डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर जमिनीला पाय लावू देऊ नका, पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराची) भीती असते. अजून एक डोस बाकी आहे. इंटरनेट म्हणतं, दर दोन तासांनी बाहेर न्या. मी कुणाचं ऐकू?

आणखी एक. गॅलरीत पंधरा-पंधरा मिनिटं तिच्याबरोबर उभी राहते. ती माझी ओढणी चावते, कबुतरांवर भुंकते, सगळं करते, फक्त शू करत नाही. आत आलो की दुसऱ्या मिनिटाला हॉलच्या मधोमध! फरशी रोज दोनदा फिनेलने पुसते. शेजारच्या काकूंनी शू केली की त्यातच नाक घासायला सांगितलं. एकदा केलं. आता ती माझ्यासमोर करतच नाही, सोफ्यामागे जाऊन करते.

माझं कुठे चुकतंय?

वाटचुकार: अग्रलेखावर 😀 पिल्लाला राजकारण कळतं.

शेपूटवाली: ताई, मिरी चुकत नाहीये, शिकवलेलं अगदी चोख करतेय. पिल्लू 'ही जागा' असं शिकायच्या आधी 'पायाला असं लागतं तिथे' हे शिकतं. तुम्ही कागद शिकवलात. मग कागद बाबांच्या पुढ्यात असला काय नि कोपऱ्यात असला काय. पायपुसणं आणि सतरंजीसुद्धा त्याच जातीची, मऊ आणि शोषून घेणारी. त्या दोन्ही महिनाभर गुंडाळून माळ्यावर टाका. बाबांना म्हणावं, काही दिवस टेबलावर वाचा.

नाक घासणं आजपासून बंद. त्यातून ती एवढंच शिकली की माणसासमोर शू करणं धोक्याचं. गॅलरीत तुम्ही शेजारी उभ्या असता म्हणूनच ती धरून ठेवत असणार. हे भूत उतरायला थोडा वेळ लागेल.

डॉगरबाबा: आमच्याकडे तीन कुत्री पेपरवरच वाढली, काही बिघडलं नाही. उगाच नवीन खूळ कशाला?

शेपूटवाली: @डॉगरबाबा, तुमच्याकडे अंगण असेल. आज कागद, उद्या अंगण, ते जमतं. चौथ्या मजल्यावर कागदाची सवय मुरली तर पुढे रस्त्यावर नेल्यावर कुत्रं तासभर फिरून घरी येऊन कागद शोधतं. माझ्या पहिल्या कुत्र्याने आठ महिने हे केलंय, म्हणून बोलतेय.

डॉगरबाबा: अंगण आहे. मान्य.

कोकणकडा: गॅलरीत रुंद ट्रे ठेवा, प्लास्टिकची उथळ परात चालेल. त्यात कुंडीतली माती नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पुढे रस्त्यावरही मातीच लागणार आहे. तिच्या शूने भिजलेला कागदाचा एक बोळा पहिले दोन दिवस त्या मातीत खुपसून ठेवा, वासावरून कळतं. आणि ते फिनेल थांबवा. जंतू मरत असतील, पण शूचा वास तिच्या नाकाला लागतोच, आणि फिनेल चाटलं तर त्रास वेगळाच. एन्झाइमवालं क्लीनर प्राण्यांच्या दुकानात मिळतं. ते येईपर्यंत पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं.

शेपूटवाली: वेळेचं सांगायचं राहिलं. ढोबळ हिशेब असा की महिन्याला एक तास. अडीच महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-अडीच तासांच्या वर धरू शकत नाही, खेळताना तर अर्धा तासही पुष्कळ. घड्याळापेक्षा झोपून उठली, खाल्लं, खेळून थांबली, या तीन वेळा धरा. पट्टा लावून ट्रेपाशी न्या आणि गप्प उभ्या राहा. बोलणं नाही, खेळणं नाही. पाच मिनिटांत नाही केलं तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा, दहा मिनिटांनी परत. केली की तिथल्या तिथे खाऊ. आत येऊन डबा उघडेपर्यंत तिला वाटतं खाऊ घरात शिरल्याबद्दल मिळाला.

थेंब थेंब, सारखी सारखी करत असेल किंवा करताना कण्हत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. माद्यांना लघवीचा संसर्ग होतो आणि मग कुठलंच शिकवणं लागू पडत नाही.

धागाकर्ती: नऊ दिवसांनी परत आले. संसर्ग नाही, दाखवून आणलं. परात ठेवली, सतरंजी माळ्यावर, बाबा नाराजीने टेबलावर.

पहिले चार दिवस काहीच नाही, मी रडकुंडीला आले. पाचव्या दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना सासूबाईंचा फोन, "केली गं परातीत!" पाठीमागून टाळ्या. दिवसभर त्याच तिच्यामागे असतात, त्यामुळे खुणा त्यांनाच आधी कळल्या. म्हणतात, जमीन हुंगत गोल फिरायला लागली की समजायचं. तेवढ्यात "चल गं गॅलरी" म्हणायचं. आता तो शब्द ऐकून मिरी स्वतःच दाराशी पळते. दिवसाला पाच-सहा वेळा हॉलमध्ये व्हायचं ते एक-दोनदावर आलंय. रात्री दोनचा गजर लावतो, ती पाळी नवऱ्याची.

नवीन अडचण अशी की मातीची गोडी लागल्यामुळे काल ती तुळशीच्या कुंडीत चढून बसली होती. सासूबाईंनी तुळस तातडीने स्टुलावर ठेवली, पण कढीपत्त्याची कुंडी जड आहे, हलत नाही. तिच्यावर जाळी बांधू की मातीवर दगड पसरू? आज रात्री आमटीला कढीपत्ता लागणार आहे, लवकर सांगा.