लोक अभिरक्षक कार्यालयात उन्हाळी इंटर्नशिप: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात (आरोपींना मोफत वकील पुरवणारं कार्यालय) काम करायचंय. लॉ फर्म नको, आरोपीच्या बाजूचंच काम शिकायचंय.

गेल्या महिन्यात रिमांड कोर्टात बसले होते. न्यायाधीशांनी एका पोराला विचारलं, वकील दिलाय का? त्याने मागे वळून आईकडे पाहिलं. तिच्या पिशवीत त्याचा घडी घातलेला शर्ट होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे दोघांच्या गावीही नव्हतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्यायचा की थेट मुख्य लोक अभिरक्षकांना भेटायचं? कॉलेजचं पत्र लागतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विद्यार्थ्यांना खरं काम देतात का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ खाली, याआधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेला कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की बंधपत्रावर सुटू शकतो (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून). अशी प्रकरणं शोधायला, जामीन अर्जाचा मसुदा करायला मला मनापासून आवडेल. तुरुंगभेटीला सोबत नेत असतील तर फारच उत्तम.

मानधनाची अपेक्षा नाही. कुणी असं काम केलं असेल तर पहिल्या आठवड्यात काय करायला मिळालं, तेवढं तरी नक्की सांगा.