मदत हवी आहे : रत्नागिरीहून थेट भृगू लेक, उंची झेपेल का?

गणपती आटोपले की सप्टेंबरअखेर आम्ही दोघंच (नवरा-बायको) मनालीजवळच्या भृगू लेकला जायचं म्हणतोय. केरळ संपर्क क्रांतीने रत्नागिरी ते चंदीगड, पुढे बसने मनाली. चालायची सवय आहे, रसाळगड-सुमारगड-महिपतगड सलग केलाय, पण महिपतगड म्हणजे जेमतेम तीन हजार फूट आणि तलाव चौदा हजारांवर, म्हणजे दम आहे हो पण प्रश्न विरळ हवेचा आहे.

डॉक्टरांना विचारून झालंय. हिला सल्फाची ॲलर्जी आहे म्हणून डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) नको म्हणाले, तेव्हा कृपया तो सल्ला नको. बीपी, शुगर दोघांनाही नाही. गाईड घेणारच आहोत, मोठ्या ग्रुपबरोबर मात्र जायचं नाही, त्यांच्या वेळापत्रकात थांबता येत नाही.

अडलंय ते इथे, मनाली साधारण साडेसहा हजार फूट आणि गुलाबा नावाच्या जागेहून चढून पहिला मुक्काम रोला खोली या तळावर म्हणजे एकदम बारा हजारांवर झोपायचं, ही उडी मला जास्त वाटते. रजा वाढणार नाही, एकच जादा रात्र हातात आहे. ती मनालीतच काढावी, सोलंगला, की गुलाबाच्या आसपास तंबू टाकून? समुद्रकाठून गेलेल्या कुणी केलंय का, आणि सप्टेंबरअखेर तिथे रात्री थंडी कितपत असते?