ऑफिससाठी सायकल: गिअर आधी की मडगार्ड आधी?

मीरा_कोथरूड
कॉलेज संपलं आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता सत्तेचाळिशीत पुन्हा घेतेय, तीही रोज ऑफिसला जायला. पुण्यात कोथरूड डेपोपासून पौड रस्ता, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता आणि पुढे सेनापती बापट रस्ता. सहा किलोमीटरच्या आसपास. बरीच दुकानं पालथी घातली. कुठेही जा, २१ गिअर, पुढे सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेलं धूड आधी समोर येतं. मडगार्ड? "वेगळं घ्यावं लागेल." कॅरिअर? "याला बसत नाही, मॅडम." स्टँड? "प्रो लोक लावत नाहीत." मी कुठे प्रो आहे? डबा आणि लॅपटॉप घेऊन साडेनऊला टेबलाशी पोचायचं, एवढंच.

माझं मत सरळ आहे. ऑफिसच्या सायकलीला आधी पूर्ण मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि कुडता घालून चढता येईल अशी खालच्या दांडीची फ्रेम हवी. गिअरचं नंतर बघू. मागे सात, पुढे एकच चक्र, बास. सस्पेन्शन तर नकोच. स्वस्तातला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा स्प्रिंगवाला दुबेळका, वजन वाढवतो आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की निम्मा जोर दाबण्यात घालवतो. पटत नसेल तर बोला.

चेनमास्तर
सस्पेन्शनबद्दल शंभर टक्के सहमत, बाकीच्याला विरोध. बापट रस्त्याला सिंबायोसिसकडे जाताना चढ आहे, तो मडगार्डने चढता येत नाही. हिशोब करा. खालच्या दांडीच्या शहरी सायकलीला साधारण पुढच्या चक्राला ४२ दात, मागे सर्वांत मोठं चक्र २८ दातांचं. पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर जाते. हायब्रिडला, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगराच्या सायकलीच्या मधल्या प्रकाराला, पुढे २८ आणि मागे ३४ मिळाले तर तेच अंतर पावणेदोन मीटर. म्हणजे पायावरचा भार जवळजवळ निम्मा. इतक्या वर्षांनी बसणाऱ्याचे गुडघे नेमके इथेच कुरकुरतात. पहिल्याच आठवड्यात गुडघा धरला की सायकल गॅलरीत, वर टॉवेल वाळत. हायब्रिड घ्या, मडगार्ड मागाहून लावा. बहुतेक फ्रेमना त्यासाठी भोकं असतात, नसतील तर ती सायकल सोडून द्या.

जुनाट_पेठकर
तुमचे दात-बीत मोजणं चालू द्या. आमच्या वडिलांनी दोन आडव्या दांड्यांच्या काळ्या डबलबार सायकलवर शनिवार पेठ ते खडकी नोकरी केली. एकच गिअर. चढ आला की उतरायचं, हातात धरून चालायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मीराताई, साधी घ्या. पंक्चरवाला कुठलाही चालतो आणि चोरसुद्धा वळून बघत नाही.

चेनमास्तर
काका, वडिलांचा काळ निराळा. तेव्हा कर्वे रस्त्यावर मागून बस अंगावर येत नव्हती. चढावर उतरून सायकल ढकलणारा माणूस आज वाहतुकीच्या मधोमध अडकतो. आणि ती वीस किलोची सायकल मीराताईंनी जिन्यातून चढवायची का, तेही सांगा.

व्होल्टवाले
दोघंही विसाव्या शतकात आहात. पायडल-असिस्ट घ्या, म्हणजे पायडल मारताना मोटर जोर लावते ती सायकल. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी नको, लायसन्स नको. घामाघूम न होता मीटिंगला बसता येतं. बॅटरी काढून टेबलाखाली चार्ज करायची.

मीरा_कोथरूड
काढता येणारी बॅटरी आवडली, पण तिसरा मजला, लिफ्ट बंद असण्याचीच जास्त शक्यता आणि सायकल वीस-पंचवीस किलो! शिवाय बॅटरी दमली की नवीन घेताना साधी सायकल येईल एवढे पैसे मोजा. घामाचं म्हणाल तर ऑफिसात एक कुडता ठेवला की प्रश्न मिटतो. आणि चेनमास्तर, पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मडगार्डशिवाय ऑफिस म्हणजे पाठीवर चिखलाची उभी रेघ. मागाहून लावायची ती प्लॅस्टिकची टीचभर पट्टी त्याला पुरत नाही.

फुटपाथवरून
मला अख्खी चर्चाच उलटी वाटते. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. आज जे ट्रॅक आहेत त्यांवर गाड्या लावलेल्या, मध्येच विजेचा खांब, पुढे पेव्हर ब्लॉक उखडलेले. अशा शहरात सत्तेचाळिशीत नव्याने रस्त्यावर उतरायला सांगणं मला तरी बेजबाबदार वाटतं. वनाझहून मेट्रो आहे, ती घ्या.

मीरा_कोथरूड
मेट्रो कर्वे रस्त्याने डेक्कनकडे जाते, माझं ऑफिस बापट रस्त्यावर. उतरून पुन्हा रिक्षा शोधायची. रस्त्यांबद्दल मात्र वाद नाही. म्हणून तर सरळ बसून चालवता येणारी सायकल हवी, मान वळवली की मागचं दिसेल अशी. हायब्रिडवर पुढे वाकून बसलं की मला खांद्यामागचं दिसत नाही, दुकानात बसून बघितलंय.

पान्हा_नंबर_१५
सायकल दुरुस्त करणं हाच धंदा आहे, म्हणून थोडं बोलतो. ताईंची सायकल आणि मास्तरांचा चढ, दोन्ही जमतं. मागचं सात चक्रांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, १४-२८ (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्राचे दात) ऐवजी १४-३४ चं मिळतं. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाला, ३४ चालतं का ते मेकॅनिकला आधी विचारायचं, चेन थोडी लांब लागू शकते. पुढे ४२ असले तरी एका फेरीला अडीच मीटरच्या थोडं वर येतं. हायब्रिडइतकं हलकं नाही, पण तुमच्या चढाला पुरावं.

व्हॉल्व्हही बघा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला असेल तर अडाप्टर खिशात ठेवावा लागतो. टायर ३५ ते ४० मिमीचा, जवळजवळ गुळगुळीत. डोंगरासाठीचे गोटे असलेले टायर डांबरावर नुसते घरघरतात. आणि सीट. दुकानदार खाली ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला भीती वाटत नाही. पायडल तळाला असताना टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी मी नुसती सीट वर करून मिटवतो.

चेनमास्तर
३४ चं फ्रीव्हील मान्य. वजनाचं मात्र मान्य नाही. चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड धरून ती सायकल सतरा-अठरा किलोच्या खाली येणार नाही आणि लिफ्ट बंदच आहे.

सेकंडहँड_सम्राट
जानेवारीत संकल्प करून घेतलेल्या सायकली एप्रिलमध्ये विकायला निघतात, जवळजवळ कोऱ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, म्हणजे जुन्या बिलावर बोट ठेवून भाव पाडायलाही जागा आहे. फ्रेमच्या वेल्डिंगजवळ चीर नाही ना, चाक फिरवल्यावर आउट, म्हणजे डुलत, नाही ना, एवढं बघा. आणि मीराताई, पैसे देण्याआधी मालकाला म्हणा, एकदा बापट रस्त्याचा चढ चढून बघते. नाही म्हणाला तर दुसरी बघा, एप्रिलमध्ये तोटा नाही.