टायटल फाइट १५ ऐवजी १२ राउंडची करून बॉक्सिंगचं नुकसान झालं का?

पंचवटीकर
माझ्या मते झालं. १९४१ मध्ये बारा राउंडनंतर बिली कॉन गुणांवर पुढे होता. तेराव्यात जो लुईने त्याला झोपवलं. १९५२ मध्ये मार्सियानो तिन्ही जजकडे मागे, तेराव्यातच वॉलकॉट आडवा. १९८१ मध्ये लेनर्ड मागे होता, हर्न्सला त्याने चौदाव्यात संपवलं. आजच्या नियमात लुई, मार्सियानो, लेनर्ड तिघंही हरले असते. सिन्नरकडच्या यात्रेतली निकाली कुस्ती आणि मॅटवरची तीन-तीन मिनिटांची, एवढा फरक आहे हा.

देवळाली कॅम्प
भाऊ, डुक-कू किमला बरं विसरलात! नोव्हेंबर १९८२, लास व्हेगास. मॅन्सिनीसमोर चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतरच डब्ल्यूबीसीने (टायटल देणारी एक संघटना) १२ राउंड केले, बाकीच्या संघटना ते दशक संपेपर्यंत मागून आल्या. दमलेल्या माणसाचे हात खाली येतात, मान ढिली पडते, ठोसा येताना दिसूनही डोकं हलत नाही. शेवटच्या तीन राउंडची मजा म्हणतात ती हीच ना?

शिवाय बाराव्या राउंडला थांबवून जुन्या फाइटचा निकाल असा लावता येत नाही. १२च मिळणार हे माहीत असतं तर लेनर्ड दहाव्यातच तुटून पडला असता.

पंचवटीकर
मग १९८७ ची हॅगलर–लेनर्ड घ्या. लेनर्डने १२ राउंड मागून घेतले, मोठी रिंगही. राउंड संपायला अर्धं मिनिट उरलं की धडाधड हात चालवायचा, जज खूश. स्प्लिट डिसिजनवर (दोन जज बाजूने, एक विरुद्ध) जिंकला. निम्मी फाइट करारातच मारली त्याने.

देवळाली कॅम्प
हॅगलरने सही केलीच ना? वर डावखुरा असून सुरुवातीचे राउंड उजव्या स्टान्सने खेळून घालवले. १५ मध्ये ते भरून काढता आलं असतं, १२ मध्ये नाही. यात राउंडचा काय दोष?

पंचवटीकर
अहो, हेच तर मी सांगतोय!!

सातपूरची साउथपॉ
तुमचं १२–१५ चालू द्या. आम्ही अमॅच्युअर, तीन मिनिटांचे तीनच राउंड. पहिला गेला की उरलेले दोन्ही जिंकायलाच लागतात. म्हणून कोच पहिल्या घंटेपासून ओरडतात, "पुढे जा!" बरगड्यांवर मारत समोरचीला हळूहळू थकवायचं, हे आम्हाला कुणी शिकवतच नाही, कारण त्याचा फायदा मिळेपर्यंत बाउट संपलेली असते. विजेंदरचं २००८ चं ऑलिंपिक ब्राँझ दोन-दोन मिनिटांच्या चार राउंडमधलं. प्रो झाल्यावर पहिल्या सहाही फाइट त्याने वेळेआधी संपवल्या, पण २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपसमोर दहाही राउंड खेळून गुणांवर जिंकावं लागलं. ते वेगळंच बॉक्सिंग होतं.

आणि बायकांचं काय? प्रो टायटलला दहा राउंड, तेही दोन-दोन मिनिटांचे. समोरची हलली, आता संपवायची, की घंटा! मग लोक म्हणणार, बायकांच्या ठोशात दम नाही. अमांडा सेरानो २०२३ मध्ये पुरुषांसारखी १२ राउंड, तीन-तीन मिनिटं खेळली आणि जिंकली. डब्ल्यूबीसीने मान्यता दिली नाही, तर तिने त्यांचा बेल्टच सोडला.

देवळाली कॅम्प
डब्ल्यूबीसी सुरक्षेचं कारण देते. मला पटतं ते.

सातपूरची साउथपॉ
मग पुरुषांनाही दोनच मिनिटं द्या की.

देवळाली कॅम्प
माझी हरकत नाही. पंचवटीकरांना विचारा.