दावा मंजूर, पण वाहतूक परवाना कोणाकडे?

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर आणि त्यातल्या बांबूसारख्या वनोपजावर ग्रामसभेच्या कायदेशीर हक्काचा दावा मंजूर होऊनही गावाच्या हाती पैसा का येत नाही, असा प्रश्न आहे. गाडी बहुतेकदा वाहतूक परवान्यापाशी, म्हणजे माल जंगलाबाहेर नेण्याच्या परवानगीपाशी अडते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हक्क मिळाला २००९मध्ये, पण बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले एप्रिल २०११मध्ये. वनहक्क कायद्याच्या २०१२च्या नियमदुरुस्तीनुसार हे परवाने आता ग्रामसभेची समितीच देते. आपल्याच बांबूसाठी वनखात्याच्या साहेबांच्या दारात ताटकळणं थांबतं, हे मजुरीइतकंच मोलाचं आहे.

दावा मंजूर होताच ग्रामसभेचं स्वतंत्र बँक खातं आणि पॅन काढा. आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय ठेकेदाराला माल उचलू देऊ नका. उधारीवरच गावं फसतात. आणि कोवळे बांबू तोडू नका. पुढचे कोंब त्यांच्याच कंदातून फुटतात. ते गेले की बांबूचं बेट खुरटतं.