मदत हवी आहे: बाईकचा मागचा टायर वेगळ्या ब्रँडचा टाकला तर चालेल का?

घाईतला स्वार: मागचा टायर पार गुळगुळीत झालाय, पुढचा अजून मस्त आहे. त्याच ब्रँडचा मागचा मिळेना. दुकानदार दुसरा दाखवतोय, निम्म्यात. टाकू का? आजच ठरवायचंय. ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर त्यावरच जुंपेल.

चाकोरी: गाडी कोणती? साइज? इथे कुंडली बघत नाहीत.

घाटवाट: बिनधास्त टाका. मागचा आधी संपतोच. मी कायम पुढे एक, मागे दुसरा वापरतो.

पानावाला: बिनधास्त काय? रबर वेगळं, गोलाई वेगळी. वळणावर गाडी एकदम आत पडते, नाहीतर वळायलाच तयार नसते. कंपन्या जोडीने टेस्ट करतात ते उगाच नाही.

घाटवाट: जोडीने दोन खपतात, म्हणून.

हवाबाण: नायट्रोजन भरा. टायर गार राहतो.

चाकोरी: हवेचं कोणी विचारलंय? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. धागाकर्ते, साइज!

घाईतला स्वार: तीच आहे हो, १५०/६० आणि १७.

चाकोरी: १७च्या आधी आर आहे की डॅश? पुढच्यावर काय लिहिलंय?

घाईतला स्वार: पुढे ११०/७० आर १७, ५४एच. दुकानातल्यावर डॅश, शेवटी ६६एस. एका डॅशने काय होतंय?

चाकोरी: सगळं तिथेच आहे. आर म्हणजे रेडियल (आतले धागे सरळ आडवे), डॅश म्हणजे बायस (धागे तिरके). ब्रँड वेगळा चालेल एक वेळ, पण पुढे रेडियल, मागे बायस नको. दोन्हींच्या भिंती वेगवेगळ्या लवतात, वेगात गाडी डुलायला लागते. शिवाय शेवटचं अक्षर म्हणजे टायरचा कमाल वेग: एच म्हणजे ताशी २१० किमी, एस म्हणजे १८०. मूळ टायरपेक्षा खालचं रेटिंग घेऊ नका.

घाटवाट: यामाहा आर१५ला कंपनीतूनच मिक्स येतात की!

चाकोरी: तिथे पुढे बायस, मागे रेडियल. म्हणजे उलटं. आणि ते कंपनीने त्या गाडीवर तपासून दिलेलं.

पानावाला: निम्म्यात देतोय तर तारीखही बघा. टायरच्या भिंतीवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा.

हवाबाण: कुठलं तेल वापरता?

घाईतला स्वार: तेल?? असो. दुकानात विचारलं, रेडियल आहे, एच रेटिंगचा, पण तिसऱ्याच ब्रँडचा. उद्या येईल म्हणाला.

पानावाला: घ्या. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बसवतानाच बघा, आणि पहिले शे-दीडशे किमी वळणावर गाडी झोपवू नका. नवा टायर निसरडा असतो.

घाटवाट: म्हणजे वेगळा ब्रँड चालतोच!